धुऊन परत आलेला डबा

आमच्या डेपोत शाळेच्या वेळची फेरी कोणालाच नको असायची. ती टाळण्यासाठी ड्यूटी लावणाऱ्यांच्या मागे मागे फिरणारे कंडक्टर मी पाहिले आहेत. सगळी पोरं पासवाली, त्यामुळे तिकिटाचं मशीन गळ्यात नुसतं लटकत राहतं. वर दप्तरं अंगावर येतात, पाण्याच्या बाटल्या सांडतात, कोणीतरी उगाच दोरी ओढून घंटी वाजवतं आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे असा बघतो, जणू मीच वाजवली. मला मात्र ही फेरी आवडायची. दोन्ही मुलं नोकरीसाठी बाहेर गेल्यावर डहाणूजवळच्या मसोलीतल्या घरात बोलायला उरल्या होत्या भिंती. गाडीत निदान कलकलाट होता. नोकरीची शेवटची वर्षं मी ती फेरी मागून घेत राहिले, तेव्हा डेपोतले लोक एकमेकांना डोळे मारत होते.

बाहेरच्यांना वाटतं कंडक्टरचं काम म्हणजे तिकीट देणं. ते तर आता मशीनच करतं. खरं काम माणसं मोजायचं. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एवढीच आमची आणि ड्रायव्हरची भाषा. त्याने पुढे बघायचं आणि मी मागे. मागे बघता बघता काही गोष्टी न शिकवता कळायला लागतात. कोण बिनपासाचा आहे, कोणाला गाडी लागणार आहे, कोण घरून भांडून निघालं आहे. आणि भरलेल्या गाडीत एखादी जागा रिकामी का आहे, हेही कळतं. त्या जागेवर दप्तर ठेवलेलं असतं आणि एक पोर शेजारीच दांडा धरून उभं असतं. दप्तर उचल म्हटलं की उचलतात, पण बसणाऱ्या पोराचा चेहरा बघवत नाही. त्यापेक्षा उभं राहिलेलं त्याला बरं वाटत असावं.

अशी पोरं मी तलासरीच्या रस्त्यालाही पाहिली आणि बोर्डीच्या रस्त्यालाही. त्यांचे आईबापही पाहिले. तलासरीकडे एका मुलाला बाकीचे पोरगे रोज पायरीवरून ढकलायचे. एक दिवस त्याचा बाप गाडीत चढला. चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरीला जाणारा, वाळका माणूस. मला वाटलं आता त्या पोरांना झापणार. त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्याच पोराच्या थोबाडीत दिली. म्हणाला, "रडत येतंस? दोन ठेवून ये." दुसऱ्या दिवशी पोराने खरोखर दोन ठेवून दिल्या, पण ढकलणाऱ्यांना नाही. पाचवीतल्या एका किडकिडीत पोराला, जो कोणाच्याच अध्यात-मध्यात नव्हता.

बोर्डीकडच्या एक बाई पिशवीभर चिकू घेऊन आल्या. "आमचा बाबू जरा हळवा आहे हो, त्याला ड्रायव्हरच्या मागची सीट देत जा," हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की इंजिनच्या आवाजातही शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. त्या दिवसापासून बाबूचं नाव बाबू राहिलंच नाही. दहावी होईपर्यंत तो 'हळवा' होता. चिकू गोड होते, एवढं सांगायला हरकत नाही.

तेव्हा मला या आईबापांचं हसू यायचं. मानसी गाडीत यायला लागल्यावर ते थांबलं.

डहाणूहून खाडी ओलांडून दक्षिणेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने आमची एक फेरी जायची. त्या पट्ट्यातल्या एका मच्छीमार गावातून पाच-सहा मुली डहाणूच्या शाळेत यायच्या. गावाचं नाव लिहीत नाही. मानसी त्यांतली सर्वांत बडबडी. सातवीत असताना सगळ्या मागच्या लांब सीटवर बसायच्या, मधोमध मानसी आणि तिच्या गळ्यात हात टाकून रिद्धी. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, नातंही दूरचं चुलत. गाडीच्या मागच्या सीटवर खड्डा सर्वांत जास्त लागतो. आमचे ड्रायव्हर नाना मुद्दाम एका मोरीवर, ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, गाडी जरा जोरात घ्यायचे आणि त्या सगळ्या एकदम उडून किंचाळायच्या. नाना पुढे मिशीत हसायचे.

एकदा मानसी उपाशी आली होती, म्हणून मी तिला माझा पोह्यांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो घासून पुसून, आणि आत तीन शिंपल्या. मी म्हटलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "आई बोलते, कोणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाय. घरात काय नव्हतं, म्हणून मी शिंपल्या टाकल्या." आमच्याकडेही हीच रीत आहे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. पण शिंपल्या घालून डबा परत करणारी मी तेवढीच एक पाहिली. पुढेही कधी तिला काही दिलं की डब्यात काहीतरी यायचंच. कधी चिंच, कधी चाफ्याचं फूल.

ती आठवीत गेली त्या वर्षी किनाऱ्यावर मोठं बंदर बांधायच्या बोलण्याला जोर आला होता. मोर्चे निघत होते, गावोगाव बैठका होत होत्या, घरांवर काळे झेंडे लागत होते. मी त्यात तज्ज्ञ नाही. एवढं मात्र कळायचं की समुद्र गेला तर या लोकांकडे दुसरं काही नाही, आणि ते घाबरले होते. बंदरासाठी समुद्र मोजायला, सर्वे करायला येणाऱ्यांना कोणी बोट द्यायची नाही, असं गावाने ठरवलं होतं. मानसीच्या बापाने, प्रफुल्लने, दिली. का दिली, ते वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात. तो स्वतः म्हणायचा की आलेल्या माणसांनी फक्त पाण्यात फिरवून आणायला सांगितलं, काय मोजणार ते बोलले नाहीत. असेलही, आणि नसेलही.

गावाने त्याला वाळीत टाकलं असं कोणी उघड म्हणालं नाही. हल्ली तसं म्हणता येत नाही. फक्त त्याच्या बोटीवर गावचे खलाशी मिळेनासे झाले. आणि त्याच्या घरी कालवण यायचं बंद झालं. हे कालवण जरा समजून सांगायला हवं. किनाऱ्यावर बोट लागली की शेजारपाजारच्या घरी कालवणापुरती मासळी न मागता जाते. आज तुमची बोट आली, तुम्ही द्या. उद्या आमची येईल, आम्ही देऊ. ते थांबलं की माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

मोठ्यांनी निदान तोंड बंद ठेवलं. पोरींनी नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर मानसीच्या जागी दप्तर होतं. ती उभी राहिली. मागून हाक आली, "ए सर्वे! पुढं जा, इथं मोजायला काय नाय." सगळी गाडी हसली. दुसऱ्या गावांच्या पोरांना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण हसायला माहिती लागत नाही. आठवडाभरात तिचं नाव शाळेतही सर्वे झालं होतं. ती बाकावर बसली की पोरी वितीने बाक मोजायच्या. मधल्या सुट्टीत तिच्या डब्याजवळून जाताना नाक दाबायच्या, आणि या सगळ्या स्वतः मासळी खाऊनच आलेल्या.

मी एकदा रिद्धीला उतरताना थांबवलं. "तुझी मैत्रीण ना ती?" ती क्षणभर पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "होती. आमचा दर्या जाणार, मावशी. तिच्या पप्पांना काय पडलंय?" तेरा वर्षांच्या पोरीचं हे बोलणं नव्हतं. ते तिच्या घरच्या ओटीवरून आलं होतं, आणि ओटीवर ते खोटं नव्हतं. मला राग कोणावर धरावा तेच कळेना.

मानसीने घरी सांगितलं. सगळ्या पोरींना ते जमत नाही, तिला जमलं. तिची आई हेमलता, डहाणूच्या बाजारात मासळी विकायला बसणारी, तोंडाने खमकी आणि आतून फार मऊ. तिने आधी सांगितलं, "लक्ष नको देऊ. बोलतील बोलतील नि गप बसतील." मानसीने लक्ष दिलं नाही. त्या गप्प बसल्या नाहीत.

मग प्रफुल्ल स्वतः गाडीने यायला लागला. सकाळी पोरीशेजारी बसायचा, शाळेच्या फाटकापर्यंत जायचा, उलट्या गाडीने परत. रुंद छातीचा माणूस, मांडीवर पोरीचं दप्तर घेऊन समोर बघत बसलेला. तो गाडीत असला की मागून 'सर्वे' ऐकू येत नसे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो शाळेच्या आत जाऊ शकत नव्हता. आणि मानसी त्याच्याशेजारी जी आक्रसून बसायची, ते बघून माझं बरं वाटणं लवकरच गेलं. तो समुद्रावर गेला त्या दिवशी मागून दुप्पट आवाज आला, "आज बॉडीगार्ड नाय आला का गं सर्वे?"

हेमलता आणि प्रफुल्ल दोघं शाळेत जाऊन आली. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं, वर्गात चांगुलपणावर भाषणही दिलं. बसमध्ये जे होतं ते मात्र आमच्या हातात नाही, म्हणाल्या. मी डेपोत बोलले, तर तिथे उत्तर मिळालं की हा शाळेचा विषय आहे. म्हणजे घर ते शाळा हा जो रस्ता पोर रोज दोनदा पार करतं, तो कोणाचाच नाही. त्यावर फक्त मी आणि नाना.

मी तिला माझ्या सीटवर, दाराजवळ बसवायला लागले. माझी पिशवी सांभाळायला द्यायचे, घंटी मारायला द्यायचे. तिला ती मारताना मजा वाटायची, दोन घंट्या अगदी नीट, मध्ये सारखं अंतर ठेवून. एक दिवस मी विचारलं, "मानसी, तुला काय हवंय सांग. मी काय करू?" तिच्या घरी हा प्रश्न कोणी विचारला नसावा, कारण तिने आधी वळून माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "पप्पांना सांगा गाडीत नका येऊ." आणि थोड्या वेळाने, "मला मागं बसायचंय."

तेवढंच हवं होतं तिला. मागच्या सीटवर मधोमध बसायचं होतं आणि मोरीवर उडायचं होतं. ती सीट माझ्या गाडीतली, रोज माझ्या डोळ्यांसमोरची, आणि ती तिला मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. नव्हतंच. दप्तर उचलायला लावता येतं, गळ्यात हात टाकायला लावता येत नाही.

गणपतीनंतर हेमलताने जे केलं ते दुसऱ्या कोणत्या गावात कोणाला सुचलं नसतं. बोटीला बऱ्याच दिवसांनी चांगली पापलेटं लागली होती. तिने त्यांतली मोठी निवडून डब्यात भरली आणि कालवणाला म्हणून रिद्धीच्या घरी पाठवली, तीही मानसीच्या हाती. तिचा हिशेब सरळ होता. कालवण घेतलं म्हणजे भांडण मिटलं. मोठ्याच्या हातचं एखादे वेळी परत करतील, पण पोराच्या हातचं अन्न कोणी दारातून परत लावत नाही. मला तिने नंतर सांगितलं, "ताय, माझ्या सासूच्या वेळी दोन घरांचं डोकी फुटेस्तोवर भांडण झालेलं. ते पण कालवणानंच मिटलं." रिद्धीच्या आजीने डबा ठेवून घेतला. हेमलता त्या संध्याकाळी रडली म्हणे, आनंदाने. प्रफुल्लने जेवताना पोरीच्या पानात स्वतःच्या हाताने तुकडी वाढली.

सकाळी मानसी गाडीत चढली ती सरळ मागे निघाली. माझ्या सीटकडे बघितलंही नाही. केसांना नवी रिबीन होती. मी घंटी मारायची विसरले, नानांनी आरशातून बघितलं. रिद्धी उठून उभी राहिली. मला वाटलं जागा देते आहे. तिने दप्तरातून डबा काढला आणि मानसीच्या हातात दिला. "आजीनं दिलाय." मानसीने तिथेच, चालत्या गाडीत, झाकण उघडलं. डब्यात काहीतरी असणार, साखर तरी, याची तिला खात्री असावी.

आत काही नव्हतं. स्वच्छ धुतलेला, कोरडा केलेला डबा. मासळी खाल्ली की टाकली, देव जाणे. त्या गावातल्या पोरींना रिकाम्या भांड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. यावेळी कोणी हसलंही नाही. रिद्धीसुद्धा नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि तिचे कान लाल झालेले मी पाहिले. मानसी झाकण लावायला लागली, ते तिच्याने लागेना. मी जाऊन लावलं आणि तिला पुढे घेऊन आले. शाळा येईपर्यंत ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. घंटी मार म्हटलं तर नको म्हणून मान हलवली.

त्यानंतर ती घरी काही सांगेनाशी झाली. आईने विचारलं की म्हणायची, "बरं हाय." हेमलताने नवऱ्याच्या हातापाया पडून सांगितलं, गावच्या बैठकीत उभे राहा, चुकलं म्हणा. तो म्हणाला, "चुकलं बोललो तर चोर ठरलो. मग पोरगी चोराची होईल." मी त्याला स्टँडवर गाठून बोलले. बोलले म्हणजे भांडलेच. पोरीपेक्षा नाक मोठं झालं का तुझं, असं म्हटलं. तो म्हणाला, "ताय, तुमी सांगा, मी माफी मागितली तर त्या पोरी तिला मागं बसवतील?" मला हो म्हणता आलं नाही. आजही येणार नाही. तरी त्याने मागायला हवी होती, असं मला वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी तिला तलासरीकडच्या एका शाळेत घातलं, तिथल्या वसतिगृहात. तिथे कोणी ओळखत नाही, म्हणाले. नेमकी त्या दिवशी किनाऱ्याच्या दुपारच्या फेरीला मीच होते. शाळेची वेळ नसल्यामुळे गाडी जवळजवळ रिकामी. तिघं चढली, बरोबर एक पत्र्याची पेटी. आईबाप पुढे बसले. मानसीने आजूबाजूला बघितलं आणि चालत चालत मागे गेली. लांब सीटवर बरोबर मधोमध बसली. दोन्ही बाजूंना सगळी सीट मोकळी.

मी तिकिटाला गेले. तिने सवयीने पास पुढे केला. पास घर ते शाळा एवढाच चालतो, आणि ती आता त्या शाळेत जात नव्हती. आईने तिचं तिकीट पुढे काढलंय, हे मी तिला सांगितलं आणि पास तिच्या हातात तसाच ठेवला. मोरी आली तेव्हा नानांनी गाडी जोरात घेतली. त्यांनीही आरशात पाहिलं असणार. ती उडली, दोन्ही हातांनी सीट धरली आणि पुन्हा बसली. आवाज केला नाही. नानांनी मग पुढच्या खड्ड्यांना गाडी अगदी सावकाश नेली.

मी निवृत्त झाले त्याला आता थोडा काळ झाला. बाजारात गेले की हेमलताकडे थांबते. ती मला मासळी विकत नाही, कालवणाला म्हणून देते. गावात तिच्या हातचं कोणी घेत नाही, म्हणून मी घेते याचं तिला फार मोल वाटतं. मी तिचं भांडं चिकू किंवा नारळाची वडी घालून परत करते. आम्हा दोघींचं एक गाव आहे, दोन घरांचं.

मला अधूनमधून लोक विचारतात, तुम्ही एवढी पोरं पाहिलीत, अशा वेळी आईबापांनी काय करावं? मी पूर्वी भराभर सांगायचे. आता एवढंच म्हणते की काही करायला उठण्याआधी पोराला विचारा आणि विचारल्यावर ऐका. आणि हे म्हणताना मला माझीच लाज वाटते, कारण मी विचारलं होतं, ऐकलंही होतं. त्याने काहीही झालं नाही.

गेल्या आठवड्यात हेमलता मासळी साफ करता करता अचानक थांबली. रविवारी ती वसतिगृहात पोरीला भेटायला गेली होती. मी दिलेल्या नारळाच्या वड्या आणि तळलेले बोंबील, असा डबा नेला होता. मागच्या खेपेचा डबा मानसीने परत दिला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय बोलते."

"मग?"

तिने हात पदराला पुसले आणि टोपलीमागून डबा काढून माझ्यासमोर उघडून धरला. घासून लख्ख केलेला, कोरडा. "बघा. माझ्या पोरीनं मला असा दिला. आमचे हे बोलतात, हॉस्टेलात ती काय टाकणार? पण तिथं चिंचेचं झाड हाय, ताय. दारातच हाय. मी बघितलंय."

मी डबा तिच्या हातातून घेतला. आत काही चिकटलंय का ते उगाच बोटाने बघितलं. मग झाकण लावलं आणि माझ्या पिशवीत ठेवला, भरून परत द्यायला.